खोक्यातला भंडारा

तुमच्या हातानं बांधून दिलेली वस्तू पुढं कुणाच्या घरात गेली आणि तिनं तिथं काय केलं, हे तुम्ही आजवर कधी कुणाला विचारलं आहे का? खरं सांगा. पोतं शिवून दिलं, खोकं चिकटवून दिलं, गाडी फाट्यावरनं वळली की आपलं काम संपलं, असंच ना? म्हणून तर ‘हायवेवरील शेडमधून शस्त्रसामग्रीची तस्करी, वृद्धेचा हात’ हे पेपरात वाचून तुम्ही मान हलवलीत आणि पान उलटलंत. ज्यानं ती ओळ लिहिली त्यानं तो हात पाहिलेला नाही. ती बाई उमरग्यात कुठल्या गल्लीत राहते हेसुद्धा त्याला विचारून बघा, सांगता यायचं नाही. तेव्हा आता हरणाबाई सलगर कोण, हे माझ्याकडनं ऐका.

हरणाबाईंचं माहेर अणदूरचं. धनगराचं घर, मेंढरांचा कळप, आणि खंडोबा. अणदूरचा खंडोबा वर्षातला काही काळ शेजारी नळदुर्गाला राहायला जातो हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. जाताना आणि येताना दोन्ही गावची माणसं समोरासमोर बसतात, देव कुणी नेला, कधी परत आणायचा, ते ठरवून लिहून देतात. हरणाबाई हे मला मोठ्या ऐटीत सांगायच्या. “आमच्यात देवाला बी हवाली केल्याबिगर सोडत न्हाईत, प्रेमा. मानसाचं तर लांबच राहिलं.”

त्यांच्या बापाची एक रीत होती. मेंढरू विकायचं म्हणलं की तो गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, पाळायला न्यायचं का कापायला? म्हातारं, खोडाचं जनावर तो खाटकालाही द्यायचा, त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. पण गाभण मेंढी आणि दुधावरची मेंढी पाळणाऱ्यालाच. मग खाटकांनी युक्ती काढली. स्वतः यायचं नाही, पागोटं बांधलेला, हातात काठी घेतलेला कुणीतरी मेव्हणा धाडायचा. मेव्हणा म्हणायचा, पाळायला. बाप मेंढीच्या कपाळाला भंडारा लावून दोरी त्याच्या हातात द्यायचा, आणि वेशीच्या पलीकडं मेव्हण्याच्या हातातली दोरी खाटकाच्या हातात.

“मग बाप फसायचाच की,” मी एकदा म्हणाले.

“फसायचा. पावनं पागोटं बांधून दारात आल्यावर काय करनार? पर इचारायचा.”

ज्यांना भंडारा म्हणजे काय हे सांगावं लागतं अशी माणसंही हे वाचतील म्हणून सांगते. खंडोबाला वाहिलेली हळदीची पूड. हरणाबाईंच्या घरातनं जे जे बाहेर गेलं, सासरी निघालेली लेक असो नाहीतर बाजाराला निघालेलं कोकरू, त्याला भंडाऱ्याची चिमूट लागल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसे. त्यांच्या कमरेच्या पिशवीत पानसुपारी एका कप्प्यात आणि भंडारा दुसऱ्या कप्प्यात. मी त्यांना ती पिशवी कमरेला नसलेली कधी पाहिली नव्हती.

लग्न होऊन त्या उमरग्याला आल्या. नवरा ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. तो छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. मग हायवेच्या ढाब्यावर भाकरी थापल्या, दवाखान्यात फरशा पुसल्या, सोयाबीनच्या गोदामात चाळणी धरली. त्या गोदामातच माझी त्यांची गाठ पडली. तिथला मालक, आण्णासाहेब, बायांना उन्हात उभं करून झडती घ्यायचा. मी मजूर बायांची संघटना चालवते, म्हणून तिथं भांडायला गेले होते. मी कायदा सांगत होते, आवाज चढवत होते, आणि ही किडकिडीत बाई उठून सरळ फाटकाच्या मधोमध मांडी घालून बसली. मालाचा ट्रक दारात.

“बाई, उठा. गाडी येतीया,” आण्णासाहेब म्हणाला.

“घाला की अंगावरनं. गाडीला काय व्हनार न्हाय, म्या बारीक हाय.”

झडती बंद झाली. माझ्या कायद्यानं झाली असं मी आजवर गावात सांगत आले, पण ती झाली त्या मांडीनं.

आता शेडीकडं येते.

उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला, हायवेला लागून एक पत्र्याची शेड आहे. आधी तिथं ट्रकचे जुने टायर नवे करायचे. मग कुणीतरी बाहेरच्या मालकानं ती घेतली, आत पांढरा रंग दिला, एसी बसवला आणि दारावर ‘निसर्ग निरीक्षण उपकरणे’ अशी पाटी लावली. सगळा गाव त्याला दुर्बीण कारखाना म्हणायचा. मालक क्वचित यायचा. सगळं बघायचा तो व्यवस्थापक शंभुलिंग, आपल्याच तालुक्यातला, सीमेवरच्या गावचा पोरगा, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलणारा, हरणाबाईंना ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणणारा. त्यानं गल्लीतल्या बाया कामाला घेतल्या. उन्हाळ्यात एसीत बसून काम, हात काळे होत नाहीत, कुणी ओरडत नाही. बायांची रांग लागली. हरणाबाईंचा नंबर लागला, कारण त्यांची बोटं हलकी.

काम असं होतं. बाहेर देशातनं खोकी यायची. त्यात काळ्या, आखूड नळ्या, दोन्ही टोकांना काच, आणि नळीला खाली घट्ट पकड. बाया टोप्या-हातमोजे घालून बसायच्या. नळीवरचा कागदी शिक्का काढायचा, कोरलेला आकडा असेल ती नळी शंभुलिंगकडं द्यायची, तो यंत्रावर तो आकडा घासून टाकायचा. मग नळी पकडीतनं सोडवायची. नळ्या एका टेबलावर, पकडी दुसऱ्या टेबलावर. नळ्यांची खोकी वेगळी, पकडींची वेगळी, वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या दिवशी निघायची. नळ्यांचं टेबल हरणाबाईंचं. पकडींचं टेबल एका तरुण सुनेचं. तिचं खरं नाव लिहीत नाही, मोनिका म्हणू.

या मोनिकानं एकदा नळी डोळ्याला लावली आणि खिडकीतनं हायवेपलीकडच्या लिंबावर धरली.

“मावशी, कावळा दिसला. पर कावळ्यावर फुली हाय.”

हरणाबाईंनी घेऊन पाहिलं. काचेच्या आत बारीक रेघांची फुली, फुलीच्या खाली आणखी बारीक रेघा.

“शंभुलिंग, आरं पाखरू बघायचं तर त्याच्यावर फुली कशाला मारलीया?”

“मापं हायत अव्वा ती. पाखरू किती लांब हाय, कळतंय त्यानं.”

“असंना का लांब. त्याला काय जेवायला हाळी मारायची हाय?”

सगळ्या बाया हसल्या, शंभुलिंगही हसला आणि नळी त्यानं हळूच काढून घेतली. तेवढंच. त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

ती फुली नेम धरायची होती. त्या नळ्या लष्करी धाटणीच्या बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी होत्या, आणि पकड त्या बंदुकीला आवळायची. तुम्ही म्हणाल, बंदूक तर नव्हती ना. हेच सगळे म्हणतात. पण सरकारची एक यादी असते आणि त्या यादीत नुसती बंदूक नसते, बंदुकीला डोळा देणारी वस्तूही असते. ती देशाबाहेर धाडायची तर परवाना लागतो. परवाना मागताना सांगावं लागतं की ही शेवटी कोण वापरणार, कशाला वापरणार. वाटेतला व्यापारी कोण, एवढ्यावर भागत नाही, शेवटचा हात कुणाचा ते हवं. जो देश त्या बनवतो तोही विकताना हेच लिहून घेतो. म्हणजे हरणाबाईंचा बाप बाजारात उभं राहून जे विचारायचा तेच जगातली सरकारं एकमेकांना विचारतात, पाळायला का कापायला.

आणि फसवायची तऱ्हाही तीच. पागोटं बांधलेला मेव्हणा. आपल्या देशात येताना कागद म्हणाला, इथल्याच नेमबाजीच्या क्लबांसाठी. उमरग्यात आल्यावर नाव बदललं, पक्षी बघायची दुर्बीण झाली. नळी आणि पकड वेगळी केली की दोन्ही निरुपद्रवी दिसतात, नुसती काच आणि नुसता लोखंडी तुकडा. ती खोकी गेली तिसऱ्याच एका देशातल्या व्यापाऱ्याकडं, ज्याच्यावर कुणाची बंदी नाही. तिथं त्याच्यावर आणखी नवे कागद चिकटले. आणि तिथनं पुढं अशा मुलखात, जिथं लढाई चालू आहे आणि जिथं हा माल विकायला सगळ्यांनी मनाई केलेली आहे. दर वळणावर एक मेव्हणा. शेवटी नळीवर ना बनवणाऱ्याचं नाव उरलं, ना उमरग्याचं.

उरला तो भंडारा.

शेडीत पूड, अगरबत्ती, गुलाल सगळ्याला मनाई होती. काचेवर कण बसला तर माल वाया. हरणाबाईंनी ते पाळलं. टेबलाजवळ त्यांनी पिशवी कधी उघडली नाही. पण नळ्यांचे डबे बंद होऊन मोठ्या खोक्यात बसले, खोकं दारापाशी आलं, वरचं झाकण चिकटवायची वेळ आली, की त्या हातमोजे काढायच्या, चिमूटभर भंडारा कडेच्या फटीतनं खोक्याच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या घडीत सोडायच्या आणि म्हणायच्या, “सुखानं जा बाबा. ज्याच्या घरी जाशील त्याचं बरं कर.” चोरून नाही. सगळ्यांच्या समोर. बाया चेष्टा करायच्या, “मावशी, परदेशातलं पाखरू आता येळकोट म्हननार.” शंभुलिंगनं एकदा हरकत घेतली, मग काचेपासनं लांब आहे बघून सोडून दिली. सणावाराला तोही हात जोडायचा.

पकडीच्या खोक्यांत त्या भंडारा टाकत नव्हत्या, कारण ते टेबल त्यांचं नव्हतं आणि दुसऱ्याच्या कामात हात घालायची त्यांची रीत नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं इथंच अडलं आहे.

मग एका सकाळी गाड्या आल्या. क्लबांच्या नावानं आलेला माल क्लबांत पोचलाच नाही म्हणून माग काढत आलेली केंद्राच्या तपास खात्याची माणसं. शेडीला सील लागलं. मालक आधीच परदेशी गेलेला, फोन बंद. शंभुलिंगला नेलं, सोडलं. नंतर एकेक बाईला सोलापूरला बोलावणं आलं. हरणाबाईंना आलं तेव्हा त्या पिशवी कमरेला लावून माझ्या दारात उभ्या राहिल्या. “चल. मला त्यांची भाषा कळायची न्हाय, आन तुला गप बसता यायचं न्हाय. दोघी मिळून एक मानूस व्हईल.”

मला आत घेत नव्हते. म्हाताऱ्या बाईला एकटीला बसवून विचारणार का, यावर मी तिथं एवढा वाद घातला की साहेब वैतागला आणि खुर्ची दाखवली. वयानं लहान होता, उद्धट नव्हता. त्यानं टेबलावर लढाईच्या त्या मुलखातले फोटो मांडले. पडकी भिंत, फोडलेलं खोकं, त्यात आमच्याकडच्या डब्यांसारखे डबे, आणि खोक्याच्या तळाला पुठ्ठ्याच्या घडीत पिवळं काहीतरी.

“आजी, तिकडच्या लोकांना आधी हे विष वाटलं,” तो म्हणाला. “खोक्यांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. तपासून घेतलं. हळद निघाली.”

“हळद न्हवं,” हरणाबाई म्हणाल्या. “भंडारा हाय त्यो.”

“म्हणजे?”

“हळद कालवनात घालत्यात. ह्यो देवाला वाहिलेला आसतो.”

साहेबानं मान वर केली. मी हरणाबाईंचा दंड धरला. म्हणाले, मावशी, थांबा. साहेबानंही पेन खाली ठेवलं. त्याला घाई नव्हती. त्यानं सरळ सांगितलं की आज विचारपूस आहे, जबाब पुढच्या आठवड्यात घेऊ, तो नीट ऐकून-समजून द्या. त्या खात्यापुढचा जबाब पोलिसांपुढच्या जबाबासारखा नसतो, तो कोर्टात पुरावा म्हणून उभा राहतो. मग तो म्हणाला, “एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. हे पिवळं सगळ्या खोक्यांत नाही. ज्यांत नळ्या होत्या, त्यांतच आहे. पकडींच्या खोक्यांत नाही. आमच्या वरच्या लोकांना ही खूण वाटते. घेणाऱ्याला कळावं, महत्त्वाचं खोकं कुठलं. आणि तुमचे व्यवस्थापक सांगतात की ते तुम्ही टाकत होता, कुणाच्या सांगण्यावरनं ते त्यांना माहीत नाही.”

हरणाबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी टेबलावरचा शेवटचा फोटो जवळ ओढला होता. त्यात बंदूक होती, बंदुकीवर ती नळी बसवलेली, आणि ती धरलेले दोन हात. माणसाचं तोंड फोटोत आलेलं नव्हतं.

“ह्यानं ह्या नळीतनं काय बघितलं, साहेब?”

साहेबानं फोटो गोळा केले, कडा जुळवल्या, पाकिटात घातले. हरणाबाई त्या पाकिटाकडं बघत राहिल्या. परत येताना बसमध्ये नळदुर्ग गेलं, जळकोट गेलं, येणेगूर गेलं, त्या पिशवीचं तोंड मुठीत धरून बसल्या होत्या. घरी पोचल्यावर कमरेची पिशवी सोडली, पानसुपारी काढून घेतली आणि भंडाऱ्याच्या कप्प्याचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं. पिशवी देव्हाऱ्यात ठेवली.

दोन दिवसांनी गल्लीत एक पांढरी गाडी आली. मालकाचा वकील. चपला बाहेर काढल्या, वाकून नमस्कार केला, खाली सतरंजीवर बसला. इतकं सौजन्य बघूनच माझं डोकं तापलं.

“आजी, तुम्हाला एकच वाक्य बोलायचं आहे,” तो म्हणाला. “भंडारा मी टाकला नाही. बस. परवा बोललात ते लेखी नाही, तुमच्या व्यवस्थापकांचं बोलणंही तोंडीच आहे. हळद काय, जगात कुठल्याही खोक्यात सांडू शकते. तुम्ही सुटलात. बायांवरचं बालंट गेलं. शेड परत चालू होईल, सगळ्यांना काम.”

“आन मालक?”

“मालकांचा त्या खोक्यांशी संबंधच राहत नाही मग.”

इथं त्यानं चूक केली असं नाही, तो खरं तेच बोलला. त्या मुलखात सापडलेल्या खोक्यांवर उमरग्याचं नाव नाही, आकडे घासलेले, कागद तिसऱ्या देशाचे. ती खोकी आमच्या हायवेवरनं गेली हे दाखवणारी एकच गोष्ट आहे, या बाईची चिमूट. ती ‘माझी नाही’ म्हणाली तर ती सुटते आणि तिच्यासोबत मालकही सुटतो. ती ‘माझी’ म्हणाली तर धागा जुळतो, पण त्या धाग्याच्या या टोकाला आरोपी म्हणून तीच बांधली जाते. मालक परदेशात आहे. ती गल्लीत आहे. सापडायला सोपी कोण, तुम्हीच बघा.

मुलगा बिभीषण लातूरला टेम्पो चालवतो. तो धावत आला. “आई, न्हाय म्हन. कशापायी ह्यात पडती? तू कुनाचं वाईट केलंय का? देवाला कळतंय की.”

“त्याला कळतंय म्हनूनच तर अडलंय, बिभ्या.”

“जेलात जाशील या वयात.”

“मग त्याच्या नावानं टाकलेला भंडारा टाकलाच न्हाय म्हनू? उद्या तुला इचारलं, ही तुजी आई का, तर न्हाय म्हनशील व्हय?”

तो तडक उठला आणि जेवण न करता गेला. गल्लीच्या तोंडाला टेम्पो बराच वेळ सुरूच होता, पण तो मागं आला नाही.

शंभुलिंगला आम्ही दोघी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलं. माझ्या मनात त्याच्यासाठी बरंच काही तयार होतं. हरणाबाईंनी मला बोलू दिलं नाही. त्यांनी चहा मागवला, बशीत ओतून त्याच्यापुढं सारला.

“कुनाच्या सांगन्यावरनं टाकला म्या भंडारा, शंभुलिंग?”

तो टेबलाकडं बघत बसला. “अव्वा, मला लेकरं हायत.”

“मला बी हायत की. जरा मोठी हायत, एवढंच.”

“मी काय करू? सगळं माज्या नावावर येतंय. यंत्रावर आकडा घासायला मीच बसत होतो.”

“तुला ठावं होतं का, कुठं जातंय ते?”

तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “इचारायचं न्हाय, असं ठरलेलं होतं.”

“कुनी ठरवलं?”

“कुनीच न्हाय, अव्वा. सगळ्यांनीच.”

त्यानं चहा घेतला नाही. जाताना हरणाबाईंच्या पायाला हात लावला, आणि त्यांनी पाय मागंही घेतले नाहीत आणि तोंडातनं आशीर्वादही काढला नाही.

जबाबाच्या दिवशी सोलापूरला जाताना मी त्यांना वाटेत सगळं पुन्हा समजावलं. नाही म्हणालात तर काय, हो म्हणालात तर काय. मी म्हणाले, तुम्ही कुठलंही बोला, मी मागं आहे. त्यांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली.

साहेबानं विचारलं, त्यांनी सांगितलं. लेकी-कोकरांपासनं सुरुवात केली, साहेबानं अडवलं नाही. “म्या टाकला. नळ्यांच्या खोक्यात टाकला, पकडीच्या खोक्यात न्हाय, कारन त्ये टेबल माजं न्हवतं. कुनी सांगितलं न्हाय. कुनी पैसं दिलं न्हाईत. ज्याच्या घरी जाईल त्याचं बरं व्हावं म्हनून टाकला.” सहायक लिहून घेत होता. मग त्या म्हणाल्या, “आजून एक लिवा. त्ये कुनाच्या हातात जातंय, म्या इचारलं न्हाय. काचंत फुली दिसली व्हती. एकदा इचारलं, उत्तर आलं, म्या हसले. परत इचारलं न्हाय.”

“आजी, हे लिहायची गरज नाही,” साहेब म्हणाला. “हे तुमच्याच विरुद्ध जाईल.”

“लिवा.”

मी आयुष्यात पुष्कळ जबाब लिहिताना पाहिले आहेत. माणसं स्वतःला सोडवून घेणारी वाक्यं घुसवतात, आणि त्यांनी तसं करावं असं मीच त्यांना शिकवत आले. स्वतःला अडकवणारं वाक्य हट्टानं लिहायला लावणारी ही पहिलीच. बाहेर आल्यावर मी चिडले त्यांच्यावर. म्हणाले, कशाला? कुणी मागितलं होतं का ते? त्या पायरीवर बसल्या, श्वास घेतला, आणि म्हणाल्या, “त्या फोटुतल्या मानसानं नळीतनं कुनाला तरी बघितलंच आसंल की, प्रेमा. ज्याला बघितलं त्याची कुनी आई आसंल. ती माज्यापुढं येऊन बसली, तर तिला काय सांगू, माजं टेबल वेगळं व्हतं?”

मी त्यांना हात देऊन उठवलं आणि आम्ही स्टँडकडं निघालो.

आता त्यांचं नाव आरोपींत आहे. जामीन झाला, दर आठवड्याला हजेरी आहे. बिभीषण फोन उचलत नाही. यंदा चंपाषष्ठीला त्या अणदूरला गेल्या नाहीत. लग्नापासनं एकही चंपाषष्ठी चुकली नव्हती. मी गाडी करते म्हणाले, तर म्हणाल्या, “त्येच्या नावानं बरं कर म्हनून धाडलं आन तिकडं काय झालं, त्ये म्हाईत न्हाय. कुठल्या तोंडानं जाऊ?” कपाळ भंडाऱ्याविना मोकळं ठेवून त्या उंबऱ्यात बसलेल्या असतात. गल्लीतली पोरं आधी त्यांच्याजवळ थांबायची, आता आया हाक मारून आत घेतात.

आणि शेडीतल्या बाया? एकीनंही तोंड उघडलेलं नाही. मालकाच्या माणसांनी घरोघर निरोप दिलाय, गप्प राहा, शेड उघडली की पहिला नंबर तुमचा. मोनिका रोज त्याच गल्लीतनं पाण्याला जाते आणि हरणाबाईंच्या दारासमोर आली की पदर पुढं ओढते. तिच्या सासऱ्याला मी भेटले. त्यांनी मला उंबऱ्यावरनंच परत धाडलं. मी मोनिकाला दोष देत नाही. तिला बोलण्याचं भय वाटतं ते खोटं नाही. पण सरकारी वकील कोर्टात उभा राहून म्हणणार आहे की ती चिमूट खूण होती, आणि ती खूण नव्हती हे हरणाबाईंच्या एकटीच्या तोंडचं कोण ऐकणार? ती चिमूट सगळ्यांच्या देखत पडायची, त्या दोघींची टेबलं वेगळी होती, पकडीचं टेबल हरणाबाईंनी कधी शिवलं नाही, आकडे कोण घासायचं, खोकी कुणाच्या फोनवर निघायची, हे त्या शेडीत बसलेल्या बायांनीच पाहिलं आहे. आणि हे बाहेर आलं तरच खटला त्या म्हातारीवरनं सरकून मालकाच्या दारात जाईल.

म्हणून आता तुम्हाला सांगते. उमरग्यात, येणेगुरात, सीमेपलीकडच्या वाडीत, तुमच्या घरात किंवा पावण्यारावळ्यांत कुणी बाई त्या शेडीत कामाला होती, कुणी ड्रायव्हर तिथनं खोकी घेऊन गेला होता, तर त्यांना माझ्याकडं घेऊन या. नाव गुप्त कसं राहील, जबाब कसा द्यायचा, सोबत कोण येईल, ते सगळं मी बघते. त्यांना भीती वाटत असेल तर तुम्ही त्यांच्यासोबत चला. कोर्टाच्या पुढच्या तारखेच्या आत या, आणि जे पाहिलं तेवढंच सांगा.